आधी ब्रेक, मग 454

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मी ‘इंजिन सगळ्यात शेवटी’ म्हणालो आणि तू एकदम गप्प झालीस. बाबांना ते 454 घनइंचांचं मोठं इंजिन नकोच आहे, असं तुला वाटलं असणार. तसं मुळीच नाही. 1970 च्या शेव्हरोले शेव्हेलमध्ये 454 शोभतंच. जनरल मोटर्सने मधल्या आकाराच्या गाड्यांवर घातलेली 400 घनइंचांची मर्यादा त्याच वर्षाच्या मॉडेलांपासून उठली आणि शेव्हेल एसएसला, म्हणजे शेव्हेलच्या जोरदार रूपाला, ते इंजिन मिळालं. तुझी मालिबूही त्याच वर्षाची शेव्हेल, फक्त तिच्या वाट्याला 307 घनइंचांचं इंजिन आलं. पाच लिटरच्या जागी 7.4 लिटर बसवायची तुझी हौस मला पुरती कळते.

पण मधल्या गाडीत मोठं इंजिन सहज बसतं म्हणून तू ज्या पाँटियाक जीटीओचा दाखला दिलास ना, तो इथे लागू पडत नाही. 1964 साली पाँटियाकचा मुख्य इंजिनिअर जॉन डीलोरियन आणि त्याच्या माणसांनी टेम्पेस्ट या मधल्या आकाराच्या गाडीत 389 घनइंचांचं इंजिन घातलं, हे खरं. पण टेम्पेस्टमध्ये मिळणारं पाँटियाकचं 326 आणि हे 389 बाहेरून एकाच मापाची, माउंटही तीच. शेव्हरोलेचं 307 स्मॉल ब्लॉक, म्हणजे लहान बांध्याचं, आणि 454 बिग ब्लॉक, म्हणजे मोठ्या बांध्याचं, ही दोन वेगळी घराणी. इंजिन गिअरबॉक्सला जोडणाऱ्या बेलहाउसिंगचे बोल्ट जुळतात, आणि नेमकं तिथेच माणूस फसतो. बोल्ट बसला की काम झालं असं वाटतं. बिग ब्लॉक साधारण पन्नास किलोनं जड, आणि ते सगळं वजन पुढच्या चाकांवर. जुन्या स्प्रिंगवर गाडीचं नाक खाली बसेल. रेडिएटर पुरणार नाही. दोन गिअरचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्या जोरापुढे टिकणार नाही. टर्बो 400 हा दणकट गिअरबॉक्स घेतलास तर त्याला खालून धरणारा आडवा क्रॉसमेंबर मागे सरकवावा लागेल आणि प्रोपेलर शाफ्टही बदलावा लागेल. मागचा दहा बोल्टचा अ‍ॅक्सल काढून बारा बोल्टचा घाल. कंपनीने एसएसला नुसतं मोठं इंजिन दिलं नव्हतं. पुढे डिस्क ब्रेक दिले, अ‍ॅक्सल बदलला, स्प्रिंग बदलल्या. तू पण तेच करायचं आहेस.

ब्रेकबद्दल मी इतका हट्ट का धरतो, ते तुला कधी सांगितलं नाही. तू जन्मायच्या आधी मी एका जुन्या गाडीत असंच मोठं इंजिन बसवलं होतं. चारही चाकांना ड्रम ब्रेक होते आणि ते तसेच ठेवले. पैसे इंजिनात संपले होते. एका लांब उतारावर तिसऱ्या वळणाला लायनर जळाल्याचा वास आला. पायाखाली पेडल दगडासारखं घट्ट, सगळा जोर लावून दाबत होतो, पण गाडी थांबेना. ड्रम तापले की असं होतं, पेडल तक्रार करत नाही, लायनरची पकड मात्र गेलेली असते. गिअर खाली टाकत, कडेच्या खडीत चाकं घालत कशीबशी थांबवली. शेजारी तुझी आई होती. ती काहीच बोलली नाही. दार उघडून उतरली आणि बराच वेळ उभी राहिली. तिचा तो चेहरा मी विसरलेलो नाही. म्हणून आधी पुढचे डिस्क, नवा मास्टर सिलिंडर, नवे पाइप. त्यावर आहे तेच 307 ठेवून गाडी महिनाभर चालव.

आता तू पाठवलेल्या फोटोबद्दल. 454 विकणारा म्हणतो की फ्लेक्सप्लेट (इंजिनाच्या मागची, गिअरबॉक्सला जोडणारी चकती) 396 या दुसऱ्या बिग ब्लॉकची आहे, ‘चालून जाईल’. चालणार नाही. 396 आतल्या आत बॅलन्स केलेलं असतं. 454 चं थोडं वजन बाहेर असतं, क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या बॅलन्सरवर आणि मागच्या फ्लेक्सप्लेटवर. 454 चा बॅलन्सर हातात घे, एका बाजूला अर्धचंद्रासारखा खोलगट भाग दिसेल. फ्लेक्सप्लेटवर वजनाचा तुकडा वेल्ड केलेला दिसेल. दोन्ही नसतील तर गाडी थरथरेल आणि बेअरिंगं जातील. दोन्ही 454 चीच माग, नाहीतर सौदा सोड.

अश्वशक्तीच्या आकड्यांवरही भाळू नकोस. एलएस 5 आणि एलएस 6 ही 454 चीच दोन रूपं; त्यांचे 360 आणि 450 हे आकडे जुन्या पद्धतीने, एअर क्लीनर आणि गाडीचा सायलेन्सर न लावता मोजलेले आहेत. एलएस 6 चं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) तर 11.25, आजच्या साध्या पेट्रोलवर ते ठोके देईल. रस्त्यावर चालवायला कमी कॉम्प्रेशनचं बांधून घे. त्यासाठी हेड उघडतीलच, तर व्हॉल्व्हच्या सीट कडक धातूच्या बसवून घे; ती हेड शिशाच्या पेट्रोलच्या काळातली आहेत, बिनशिशाच्या पेट्रोलवर जुन्या सीट झिजतात.

307 विकू नकोस. ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, उजव्या हेडच्या पुढ्यात, एक सपाट पट्टी आहे. तिच्यावर गाडीच्या चासी नंबराचे आकडे ठोकलेले असतात. चिंधीने पुसून फोटो काढून ठेव. सिलिंडरच्या बोअरमध्ये तेल सोड, पिशवीत बांध, लाकडावर ठेव. ब्लॉकचा माथा सपाट करताना (फेसिंग) ती पट्टी कुणाला घासू देऊ नकोस. पुढेमागे गाडी पुन्हा मूळ रूपात आणावीशी वाटली, तर हेच इंजिन लागेल.

आणि 454 मध्ये कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) नवा असेल तर पहिला स्टार्ट एकटीने करू नकोस. जस्त मिसळलेलं इंजिन ऑइल, पहिली वीस मिनिटं दोन हजारांच्या वर आरपीएम, आयडलवर अजिबात सोडायचं नाही, नाहीतर कॅमचे लोब, म्हणजे त्याचे उंचवटे, तिथेच झिजतात. एकाने थ्रॉटल धरायचा, दुसऱ्याने गळती बघायची. ठिणगीची वेळ तपासायचा टायमिंग लाइट मी घेऊन येतो. मी येईपर्यंत किल्ली फिरवू नकोस.

तुझा,
बाबा