चालू टीव्ही भंगारात का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घटस्थापना जवळ आली की कोल्हापुरात घरं वरपासून खालपर्यंत धुऊन निघतात आणि माळ्यावरून उतरतात पिक्चर ट्यूबचे टीव्ही, डीव्हीडी प्लेअर, टेपरेकॉर्डर. कितीतरी वस्तू बटण दाबलं की अजून चालतात. पंचाईत तिथेच आहे. बंद वस्तू टाकताना काही वाटत नाही. चालू टाकवत नाही आणि ठेवायला जागा नसते.

नवा टीव्ही घेताना एक्सचेंजचं विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "चालू असू दे नाहीतर बंद, भाव तोच." भंगारवाल्याला हवी असते ट्यूबच्या मानेवरची तांब्याची कॉइल. ती काढली की ट्यूब फुटो नाहीतर राहो. त्या काचेत शिसं असतं, मोठ्या सेटमध्ये किलोच्या वर. मग ती काच कोंडाळ्यात, नाहीतर नाल्याकाठी.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी विल्हेवाटीची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर टाकली, हे बरंच झालं. पण चालू सेट तोडायला द्यायचाच कशाला? दुरुस्त करून पुन्हा वापरात आणण्याची तरतूदही त्याच नियमांत आहे. तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

आपल्याकडे पेठापेठांत तालमी आहेत. पंचगंगा स्वच्छ राहावी म्हणून गणेशमूर्ती नदीत न सोडता दान करणं अंगवळणी पाडून घेतलेल्या गावाला चालू वस्तू वाचवणं जड नाही. नवरात्राआधी एका रविवारी तालमीच्या दारात टेबल टाकावं, प्रत्येक वस्तू प्लगला लावून बघावी. बंद पडलेली अधिकृत ई-कचरा केंद्राकडे जाऊ दे. किरकोळ बिघाडाची आयटीआयच्या पोरांना द्यावी; सोल्डरिंगचा हात बसायला याहून चांगलं काय मिळणार? चालू टीव्ही गुऱ्हाळावरच्या कामगारांच्या खोलीत, बोर्डिंगात खुशाल चालेल. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची वायर असली की सेट-टॉप बॉक्स त्यालाही जोडता येतो.

जुना टीव्ही वीज जास्त खातो, कबूल. पण तो दिवसाचे दोन-चार तास लागतो. जुना फ्रिज चोवीस तास चालतो, घेणाऱ्याला तो बिलातच बुडवेल. म्हणून फ्रिज या टेबलावर नकोच.

आणि देणाऱ्यांनी रिमोट नि वायर चिकटपट्टीने सेटलाच बांधून द्यावी. त्यांच्याशिवाय आलेला सेट चालू असूनही तिथेच पडून राहील.

– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर