तुमचा कॅल्क्युलेटर फॉरवर्डचा तोटा शून्य दाखवतो, माझे पैसे परत द्या

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: डेरिव्हेटिव्ह (फॉरवर्ड, ऑप्शन असे करार) कोर्ससोबत दिलेला चुकीचा पेऑफ (मुदतीला होणारा फायदा-तोटा) कॅल्क्युलेटर आणि टेस्टची चुकीची उत्तरं

नमस्कार,

ही माझी चौथी तक्रार. आधीच्या तिन्हींना तुमच्या चॅटवरून एकच उत्तर आलं की बाजारातली गुंतवणूक जोखमीच्या अधीन असते, अहो पण मी बाजाराबद्दल बोलतच नाहीये, मी वजाबाकीबद्दल बोलतोय. म्हणून आता सगळं नीट लिहून पाठवतोय, पलीकडं वाचणारा माणूस असेल अशी आशा आहे.

आमचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, लहानच आहे, थोडा माल दुबईला जातो आणि त्याचे पैसे डॉलरमध्ये येतात. तीन महिन्यांनी येणाऱ्या डॉलरचा भाव आजच बांधून घ्यायचा तर फॉरवर्ड (ठरल्या भावाचा पक्का करार) करायचा का ऑप्शन (हवा तरच वापरायचा हक्क) घ्यायचा, एवढं कळावं म्हणून तुमचा ६,४९९ रुपयांचा कोर्स घेतला. सर चांगलं शिकवतात, ते नाकारत नाही. बोंब आहे ती कॅल्क्युलेटरची.

त्यात मी 'फॉरवर्ड, विक्री' निवडलं, २०,००० डॉलर, भाव ८५.५० टाकला. मुदतीच्या दिवशीचा भाव ८४ टाकला की ३०,००० फायदा येतो, बरोबर आहे. ८७ टाकला की येतं शून्य, आणि खाली हिरव्या अक्षरात 'वाईटात वाईट: ० रुपये'. शून्य कसं काय? विकणाऱ्याचा पेऑफ म्हणजे ठरलेला भाव वजा त्या दिवशीचा भाव, म्हणजे ८५.५० वजा ८७, डॉलरमागं दीड रुपया वजा, २०,००० डॉलरला ३०,००० रुपये वजा. शून्यावर थांबतो तो पुट ऑप्शन, म्हणजे ठरल्या भावानं विकायचा हक्क, आणि त्यासाठी आधी प्रीमियम, म्हणजे त्या हक्काची किंमत, मोजावा लागतो. आमच्याकडं प्लॉट घेताना विसार देतात, पुढं व्यवहार नको वाटला तर विसार बुडतो आणि माणूस मोकळा होतो, तसा ऑप्शन. सूतवाल्याला भाव ठरवून शब्द दिला की मात्र बाजार पडला तरी सूत उचलावंच लागतं, फॉरवर्ड तसा आहे. तुमच्या कॅल्क्युलेटरनं फुकटात विसाराची सोय दाखवली.

आता यात माझं काय गेलं ते सांगतो. डॉलर सगळे आले असते तर मला तक्रार नव्हती, कारण भाव ८७ झाला तरी फॉरवर्डचे ३०,००० वजा होऊन हातात ठरल्याप्रमाणे १७ लाख १० हजार आलेच असते, भाव बांधायचा तो त्यासाठीच. पण पार्टीनं ऑर्डर निम्मी केली, १०,००० डॉलर आलेच नाहीत आणि बँकेनं तेवढा करार रद्द करून दीड रुपयाच्या फरकानं १५,००० कापून घेतले. मी बँकेत जाऊन तुमचा स्क्रीन दाखवला, तिथला माणूस हसला नुसता. हेच मी ६० पैसे प्रीमियमनं पुट घेतला असता तर १२,००० आधीच गेले असते पण पुढं कुणी काही मागितलं नसतं. कुठलं घ्यायचं ते माझं मी ठरवलं असतं हो, दोन्हीचे आकडे खरे दाखवले असते तर.

दुसरं म्हणजे टेस्ट. माझा भाचा बीकॉमला आहे, तो रात्री बसून सोडवतो. प्रश्न असा: शेअर ५००, स्ट्राइक (ऑप्शनमध्ये ठरलेला भाव) ४५०, मुदत सहा महिने, सहा महिन्यांचं व्याज ३.२५ टक्के, डिव्हिडंड नाही, तर युरोपियन कॉलचा (शेअर विकत घ्यायचा हक्क, फक्त मुदतीच्या दिवशी वापरता येणारा) भाव कमीत कमी किती? तुमचं उत्तर ५०, म्हणजे सरळ ५०० वजा ४५०. भाच्यानं लिहिलं ६४.१६ आणि त्याला चूक दिलं. अहो, ४५० सहा महिन्यांनी द्यायचेत, त्यांची आजची किंमत ४५० भागिले १.०३२५ म्हणजे ४३५.८४ होते, ती ५०० मधून वजा करायची. पटत नसेल तर कॉल ५५ ला मिळतोय असं धरा. शेअर उसना घेऊन ५०० ला विकायचा, ५५ चा कॉल घ्यायचा, उरलेले ४४५ व्याजानं ठेवायचे, सहा महिन्यांनी ४५९.४६ होतात. शेअर वर गेला तर कॉल वापरून ४५० ला घेऊन परत करायचा, ९.४६ उरतात, आणि शेअर ४२० ला आला तर बाजारातनं घ्यायचा, ३९.४६ उरतात. खिशातलं काही न घालता कसंही झालं तरी फायदाच, असा भाव टिकेल का? सहा महिने शेअर उसना कोण देतंय हा प्रश्न वेगळा, पण परीक्षेचं गणित याच हिशोबावर उभं आहे ना.

पुटच्या कमाल भावापुढं तर 'मर्यादा नाही' लिहिलंय. शेअर शून्याच्या खाली जात नाही, मग पुटवर जास्तीत जास्त स्ट्राइकच मिळणार, तीही मुदतीला, म्हणून आज ४३५.८४ च्या वर भाव असूच शकत नाही. मुदतीआधी कधीही वापरता येणारा अमेरिकन पुट असता तर ४५० म्हणा. पण एनएसई या शेअर बाजारातले शेअर ऑप्शन २०११ पासून युरोपियनच आहेत. कॉलची कमाल ५०० दिलीय ती तेवढी बरोबर आहे.

बँकेत गेलेले १५,००० मी तुमच्याकडं मागत नाही, सही करायच्या आधी तिथं विचारायला पाहिजे होतं, ती चूक माझी. पण कोर्सचे ६,४९९ परत करा, कॅल्क्युलेटर दुरुस्त होईपर्यंत बंद ठेवा आणि ज्यांनी ज्यांनी तो वापरलाय त्यांना मेसेज करून कळवा, माझ्यासारखे अजून असतील. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकणार आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. चारही स्क्रीनशॉट आणि पैसे भरल्याची पावती सोबत जोडली आहे.

फोन करायचा असेल तर दुपारी एक ते दोनमध्ये करा, बाकी वेळी मागांच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

तुमचा एक ग्राहक,
सोलापूर