शेकरू किती, हे घरट्यांवरून कसे ठरते?

मा. संपादक,
स. न.

पावसाळ्याच्या तोंडावर भीमाशंकर अभयारण्यातील शेकरूंच्या गणनेच्या बातम्या येतात. संख्या वाढली किंवा घटली, एवढे मथळ्यात असते. आकडा निघाला कसा, हे बातमीत क्वचितच सापडते.

शेकरू मोजणे अवघडच. ते झाडांच्या शेंड्यांत एकेकटे वावरते, भर दुपारी पानांत पडून राहते आणि चाहूल लागली की फांदीला चिकटून बसते. त्यामुळे गणनेचा भर घरट्यांवर असतो. काटक्या-पानांचा तो मोठा गोळा खालूनही दिसतो. अडचण अशी की एकच शेकरू बरीच घरटी बांधते. एकात पिल्लू वाढते, बाकीची रात्री झोपायला. म्हणून एकूण घरट्यांना ठरावीक संख्येने भागून शेकरूंचा अंदाज बांधतात. समजा ६०० घरटी दिसली. भाजक सहा धरला तर शेकरू १००, आठ धरला तर ७५. जंगलात काहीही न घडता पंचवीस शेकरू कागदावर नाहीसे! त्यात सोडून दिलेले जुने घरटेही मोजले गेले असेल, तर हिशेब आणखी बिघडतो.

वनरक्षक आणि गावातली पोरे चढ-उतार तुडवत हे काम करतात, त्याला माझा आक्षेप नाही. पण वापरातली घरटी वेगळी, सोडलेली वेगळी आणि प्रत्यक्ष दिसलेली शेकरू वेगळी, असे तक्ते लोकांसमोर यावेत. वाटा आणि वेळाही दरवर्षी त्याच असाव्यात. तसे नसेल तर यंदाचा आकडा गेल्या वर्षीच्या शेजारी मांडण्यात अर्थ नाही.

या गणनेबरोबर आणखी एक मोजमाप व्हावे: झाडांचे शेंडे कुठे जुळतात आणि कुठे तुटतात. शेकरू साधारण सहा मीटरची झेप घेते. रस्ता रुंद झाला, कडेची जांभळे-आंबे गेले, की त्याला जमिनीवर उतरावे लागते आणि तिथे कुत्री व गाड्या असतात. श्रावणात भीमाशंकरला गाड्यांची रांग किती लांबते, हे वेगळे सांगायला नको. तमिळनाडूत वालपराईजवळ सिंहपुच्छ वानरांसाठी रस्त्यावरून अग्निशमनाच्या जुन्या नळ्यांचे पूल बांधले आणि वानरे ते वापरतात. आपल्या राज्यप्राण्यासाठी असा एखादा पूल करून पाहायला काय हरकत आहे?

धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत शेकरू ‘कमी चिंतेच्या’ गटात आहे, असे यावर कोणी सांगेल. ते खरे आहे. त्याचा वावर दक्षिणेपर्यंत पसरलेला आहे. पण शेजारच्या गुजरातेतील डांगच्या जंगलातला फिकट रंगाचा शेकरू नामशेष झाल्याचे मानले जाते. देशभरची बेरीज ठीक असली तरी एकेका डोंगरातले शेकरू असे संपू शकते.

भीमाशंकर १९८५ साली अभयारण्य झाले, क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर. शेकरूला ती हद्द ठाऊक नाही. हद्दीबाहेर मालकीच्या रानात हिरड्याची जुनी झाडे आहेत, त्यांच्यावर महादेव कोळी कुटुंबांना हंगामी पैसा मिळतो. हिरड्याची खरेदी वेळेवर आणि बऱ्या भावाने झाली, तर ती झाडे तोडायला द्यायची पाळी मालकावर येणार नाही. वन आणि आदिवासी विकास या दोन्ही खात्यांनी यावर एकत्र बसावे.

— एक वाचक, घोडेगाव (ता. आंबेगाव, जि. पुणे)