पोरांना केबी-एमबीचा अंदाज शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

फॉर्मची शेवटची तारीख आली की आमच्या झेरॉक्सच्या दुकानात रात्री साडेदहापर्यंत पोरं उभी असतात आणि बहुतेकांचं रडगाणं एकच, काका फोटो अपलोडच होत नाय. बँकभरतीच्या आयबीपीएसच्या फॉर्मला फोटो 20 ते 50 केबीचा लागतो आणि पोरगं येतं मोबाईलवरचा 4 एमबीचा घेऊन. बीएस्सी झालेलं असतं हो! 4 एमबी म्हणजे 50 केबीच्या किती पट विचारलं की गप्प.

गणित सातवीतलं आहे, खोलीला फरशा किती लागतील तेच. 200 बाय 230 ठिपक्यांचा फोटो म्हणजे 46 हजार फरशा, एक ठिपका (पिक्सेल) म्हणजे एक फरशी, रंगीत फोटोत एकेका फरशीला 3 बाइट (लाल, हिरवा, निळा), म्हणून 1 लाख 38 हजार बाइट, 138 केबी धरा, एक केबी म्हणजे 1000 बाइट की 1024 हा वाद अंदाजाला नको. जेपीजी (फोटो साठवायची नेहमीची पद्धत) ते दाबून चौथा-पाचवा हिस्सा करतं, आले 30 केबीच्या आसपास, बसला फॉर्ममधे. 12 मेगापिक्सेलच्या मोबाईलचा फोटो 4000 बाय 3000, दाबायच्या आधी 36 एमबी, म्हणून तर दाबून दहावा हिस्सा झाला तरी तीन-चार एमबी उरतो.

किती दाबलं जाणार ते चित्रावर असतं आणि खरी मजा इथंच आहे. पोरांना एकाच मोबाईलने वर्गाच्या चुन्याच्या भिंतीचा आणि बाहेरच्या कडुनिंबाचा फोटो काढायला लावा, पण आधी फळ्यावर अंदाज लिहून घ्या कुठला जड निघेल. भिंत हलकी निघते, कारण जेपीजी 8 बाय 8 ठिपक्यांचे चौकोन पाडतं, चौकोनात सगळं सारखंच असेल तर लिहून ठेवायला फार काही नसतं, कडुनिंबाच्या पानापानांत मात्र प्रत्येक चौकोनात ठिपक्याठिपक्याला फरक.

सहीचं उलटंच. 140 बाय 60 म्हणजे न दाबता 25 केबी, त्यात पांढऱ्या कागदावर दोन रेघा, दाबली की कधी कधी 3-4 केबीवर येते आणि फॉर्मला हवी कमीत कमी 10 केबीची! पोरं अजून छोटी करत बसतात, इथं क्वालिटी वाढवून सेव्ह करायची नायतर आकार थोडा मोठा ठेवायचा, हे सुचायला आधी अंदाज पाहिजे ना.

आणि अंदाज नाही म्हणून काय करतात, फोटो बारीक करून देणारी गुगलवर पहिली जी साइट दिसेल तिथं फोटो, सही, आधार सगळं चढवून मोकळे. साइट कुणाची, फाइल तिकडे किती दिवस राहणार, काही विचार नाही.

माझ्या पोराच्या शाळेत संगणकाच्या तासाला अजून इनपुट डिव्हाइस आउटपुट डिव्हाइसच पाठ करून घेतात. नवीन पुस्तक नको, नवीन तास नको, क्षेत्रफळाच्या धड्यात फरशीच्या गणिताखाली फोटोचं एक गणित घाला आणि शिक्षकांनी तो भिंत-कडुनिंबाचा प्रयोग एकदा करून बघावा.

एक फोटो बारीक करायचे मी 20 रुपये घेतो, म्हणजे हे पत्र लिहून मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, बायको तेच म्हणाली.

आपला,
एक झेरॉक्सवाला