शिमगा सरला की वाडीला पुन्हा कुलूप

मा. संपादक, स.न.वि.वि.

यंदा शिमग्याला राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत गेलो, पालखी दारोदार फिरली पण निम्मी दारं बंदच. शेजारच्या घराचं कुलूप गंजून कडीला चिकटलंय, खिडकीतून बघितलं तर जातं अजून तिथंच, वर वाळवीची माती.

एकेकाळी इथं भात, नाचणी, वरी, कुळीथ सगळं पिकायचं. शेती होती, पण तुकड्या-तुकड्यांची, वर्षभर पुरायची नाही म्हणून आमचे आजोबा-पणजोबा मुंबईच्या गिरण्यांत गेले, मनिऑर्डरीवर घरं चालली आणि बायकांनी शेती सांभाळली. बायकांनीच सांभाळली हे लिहायलाच हवं! जानेवारी १९८२ चा संप झाला, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, तरी माणसं परतली नाहीत कारण मुलं तिकडेच शिकत होती. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा वाटलं आता गाव भरेल, पण २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली, रत्नागिरीची तर ऐंशी हजारांहून जास्त.

आता खाचरात गवत छातीएवढं, बांध ढासळलेत, आणि कोणी हौसेनं लावणी केलीच तर डुकरं आणि वानर काही ठेवत नाहीत. मला स्वतःला एक खाचर कसायचंय, पण सातबाऱ्यावर एवढी नावं की सगळ्यांच्या सह्या जमवणार कशा? सामाईक जमिनीच्या वाटपासाठी गावातच शिबिरं घ्या, तीही मे महिन्यात, चाकरमानी घरी असतात तेव्हा.

– एक चाकरमानी