माझ्या पदाच्या श्रेणीबद्दल

ती. आई आणि ती. बाबा यांना सा. नमस्कार.

माझी श्रेणी खाली आणली, म्हणजे माझ्या हातून काही चूक झाली का, असे बाबांनी फोनवर विचारले. आणि पगार अजून तेवढाच मिळतो आहे तर वरिष्ठांशी वाद कशाला, असे आईचे म्हणणे पडले. दोन्ही प्रश्न माझ्या काळजीपोटी विचारलेले आहेत हे मला ठाऊक आहे. पण त्यांची उत्तरे घाईत देण्यासारखी नाहीत, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

बाबांच्या शंकेचे उत्तर आधी देते. माझ्या कामाबद्दल कोणाचीही तक्रार नाही. श्रेणी माणसाला दिली जात नाही, पदाला दिली जाते, आणि ती ठरवताना त्या खुर्चीवर कोण बसले आहे हे विचारात घ्यायचे नसते. आमच्या कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, सगळ्या पदांचे नव्याने मूल्यमापन केले आणि त्यात माझ्या पदाचे गुण एका सीमारेषेच्या थोडेसे खाली आले. त्यामुळे पद एका श्रेणीने उतरले. जुना पगार काही ठरावीक काळ सांभाळला जाईल, त्यानंतर नव्या श्रेणीप्रमाणे कमी होईल.

हे गुण कसे ठरतात, ते बाबांना समजून घ्यायला आवडेल. इंग्लंडमधल्या बऱ्याच कौन्सिलांत वापरली जाणारी जी राष्ट्रीय पद्धत आहे, तिच्यात प्रत्येक पद १३ घटकांवर तपासले जाते. ज्ञान, बौद्धिक कौशल्य, लोकांशी बोलण्याचे कौशल्य, स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावे लागणारे निर्णय, शारीरिक श्रम, भावनिक ताण, माणसांची जबाबदारी, पैशांची आणि साधनसामग्रीची जबाबदारी, कामाच्या जागेची परिस्थिती असे ते घटक आहेत. एकूण गुण १०००. त्यात एकट्या ज्ञानाला जास्तीत जास्त १६३ गुण मिळू शकतात, तर भावनिक ताणाला जास्तीत जास्त ५०. मरणासन्न माणसाच्या उशाशी रोज बसणाऱ्या सेविकेचा ताण कितीही मोठा असला, तरी कागदावर त्याची उंची इतकीच. हे प्रमाण दगडावर कोरलेले नाही, ते कोणीतरी बसून ठरवलेले आहे, आणि त्याबद्दल वाद घालता येतो ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

ही पद्धत मुळात आमच्यासारख्यांच्या भल्यासाठीच आली, हे मी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९९७ पूर्वी इथल्या कौन्सिलांत अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांचे करार वेगळे आणि कचेरीत बसणाऱ्यांचे वेगळे होते. कामाचे तासही वेगळे, एकीकडे आठवड्याला ३९ तर दुसरीकडे ३७. त्या वर्षी कौन्सिलांच्या संघटनेत आणि कामगार युनियनांत करार होऊन सगळ्यांना एकाच पगाररचनेत आणायचे ठरले, आणि त्यासाठी प्रत्येक पद एकाच मापाने मोजणे आवश्यक झाले. शाळेत स्वयंपाक करणारी बाई आणि रस्ता झाडणारा माणूस यांचे काम एकाच तराजूत घातले गेले, ही लहान गोष्ट नाही. मात्र ठरलेल्या मुदतीत, म्हणजे २००७ पर्यंत, अनेक कौन्सिलांचे काम पुरे झाले नव्हते. आणि जिथे झाले, तिथेही पुरुषांच्या कामांना मिळणारे जुने बोनस नव्या नावांनी मागच्या दाराने आत आले.

आता माझ्या पदाविषयी. घरोघरी जाऊन वृद्धांची काळजी घेणाऱ्या सेविकांच्या पाळ्या मी लावते. माझ्या कामाचे जे वर्णनपत्र दप्तरात आहे, त्यात ‘वेळापत्रके तयार करणे व नोंदी अद्ययावत ठेवणे’ असे लिहिले आहे, आणि मूल्यमापन करणाऱ्या मंडळाने तेवढेच वाचून गुण दिले. सकाळी सातला एखादी सेविका फोन करते की आजोबा दार उघडत नाहीत, आतून आवाजही येत नाही. तेव्हा मुलीला फोन लावायचा, की रुग्णवाहिका बोलवायची, की पोलिसांना दार उघडायला सांगायचे, हे मला ठरवावे लागते, आणि त्या वेळी कचेरीत माझ्या वरचे कोणीही नसते. एकाच वेळी दोन सेविका आजारी पडल्या, तर कोणाकडची भेट तासभर उशिरा चालेल आणि कोणाच्या औषधाची वेळ चुकवून चालणार नाही, हे मला माहीत असावे लागते. त्यासाठी माझ्या यादीतल्या प्रत्येक घराची परिस्थिती मी डोक्यात ठेवते. यातले काहीही त्या वर्णनपत्रात नाही. ते पत्र लिहिले गेले तेव्हा ही कामे एक पर्यवेक्षक करीत असत. ते पद बंद झाले, कामे माझ्याकडे आली आणि कागद तसाच राहिला. माझी हरकत एवढीच आहे, की जे काम प्रत्यक्ष होते ते मोजावे.

अपील करण्यासाठी एक मोठी प्रश्नावली भरावी लागते. युनियनने मला तिचे प्रशिक्षण दिले आहे, म्हणून मी इतरांनाही ती भरायला मदत करते, आणि त्यात जे दिसले त्याने मला फार विचार करायला लावले. रस्त्यांच्या विभागातले पुरुष आपले काम सांगतात तेव्हा यंत्राचे नाव, वजन, धोका, परवाना असे सगळे क्रमाने येते. आमच्या सेविकांना विचारले की तुम्ही काय करता, तर त्या म्हणतात, ‘आंघोळ घालते, जेवण देते, थोडे बोलते.’ मग मी एकेक प्रश्न विचारते. स्मृतिभ्रंश झालेल्या बाई अंगावर धावून आल्या तर काय करता? पाठीवरची त्वचा लाल दिसली तर कोणाला कळवता? औषधाच्या तक्त्यावर सही कोणाची असते? माणसाला उचलण्याचा पाळणा कसा लावायचा हे कोणी शिकवले? उत्तरे देता देता त्यांचे त्यांनाच आश्चर्य वाटते की हे सगळे ‘काम’ या सदरात लिहायचे असते. घरात आईने, आजीने जे पगाराविना केले, ते पगार घेऊन करतानाही कौशल्य वाटू नये, असे आपण सगळ्यांनीच त्यांच्या मनावर बिंबवलेले आहे. मूल्यमापनाचे मंडळ याच समाजातले असते, त्यामुळे तेही तसेच पाहते. त्यात दुष्टावा असतोच असे नाही, पण म्हणून नुकसान कमी होत नाही.

श्रेणीचा वाद म्हणजे केवळ पैशांचा वाद नव्हे, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण कौन्सिलातले नाही, कारखान्यातले आहे. १९६८ च्या जूनमध्ये डॅगनम येथील फोर्डच्या कारखान्यात मोटारींच्या आसनांची आवरणे शिवणाऱ्या १८७ स्त्रियांनी संप केला. पदांच्या नव्या वर्गवारीत त्यांना ‘ब’ श्रेणी, म्हणजे कमी कौशल्याची, दिली होती; त्यांची मागणी कुशल कामगारांच्या ‘क’ श्रेणीची होती. मंत्री बार्बरा कॅसल यांच्या मध्यस्थीने पगार वाढला, आणि त्या संपाच्या प्रभावातून १९७० चा समान वेतन कायदा आला. पण कुशल कामगारांची श्रेणी मात्र त्यांना १९८४ मध्ये, पुन्हा संप केल्यानंतर मिळाली. पगार वाढवून देणे मालकाला सोपे गेले. ‘तुमचे काम कौशल्याचे आहे’ असे लिहून द्यायला मात्र सोळा वर्षे लागली.

आई, तू म्हणतेस की वाद घालून संस्था बुडाली तर नोकरीच राहणार नाही. ही भीती इथेही पुष्कळांना आहे, आणि तिचे नाव बर्मिंगहॅम आहे. तिथे कचरा उचलणारे, रस्ते झाडणारे, कबरी खोदणारे अशा पुरुषांच्या कामांना बोनस मिळत असे आणि त्याच श्रेणीतल्या स्वयंपाकिणी, सफाई करणाऱ्या व काळजी घेणाऱ्या स्त्रियांना तो मिळत नसे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १७४ जुन्या कर्मचाऱ्यांना, ज्यांत चार सोडून सगळ्या स्त्रिया होत्या, दिवाणी न्यायालयात दावा लावण्याची मुभा दिली. म्हणजे नोकरी सोडल्यावर कामगार न्यायाधिकरणाच्या सहा महिन्यांऐवजी सहा वर्षांपर्यंत न्याय मागता येतो हे स्पष्ट झाले. त्यानंतर कौन्सिलने जवळजवळ ११० कोटी पौंड दिले, त्यासाठी आपले मोठे प्रदर्शन केंद्रही विकले, आणि तरीही २०२३ मध्ये आणखी ६५ ते ७६ कोटींचे देणे असल्याचा अंदाज जाहीर करून ५ सप्टेंबर रोजी नवा खर्च थांबवण्याची वैधानिक नोटीस काढली. वर्तमानपत्रांत ‘बायकांच्या दाव्यांनी शहर बुडवले’ अशा अर्थाचे पुष्कळ लिहून आले. मला हे मान्य नाही. त्याच काळात फसलेल्या संगणक प्रणालीमुळे आणि केंद्र सरकारच्या कमी झालेल्या अनुदानामुळेही त्या कौन्सिलचा ताळेबंद मोडत होता. शिवाय देणे फुगले ते मागण्यामुळे नव्हे. जे वेळेवर द्यायचे ते वर्षानुवर्षे न दिल्यामुळे.

बर्मिंगहॅममध्ये पुढे जे झाले ते मात्र मला अधिक अस्वस्थ करते. कचरागाडीवरचे एक वरच्या श्रेणीचे पद कौन्सिलने रद्द केले. समान वेतनाचे नवे दावे उभे राहू नयेत म्हणून हे करणे भाग आहे, असे तिचे म्हणणे होते. युनियनचे म्हणणे असे, की त्यामुळे काही कामगारांचे वर्षाला ८,००० पौंडांपर्यंत नुकसान होईल. कौन्सिलला हा आकडा मान्य नव्हता. मार्च २०२५ पासून बेमुदत संप सुरू झाला आणि महिनाअखेरीस रस्त्यांवर १७,००० टन कचरा साठला. समानता आणण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे वरच्याला खाली ओढणे. कायद्याच्या पुस्तकात तो बसतो, पण कचरा उचलणाऱ्याच्या घरचे भाडे त्याने भागत नाही, आणि सेविकेच्या पगारातही एक पेनी वाढत नाही. उलट दोघांत कायमचे वैर लागते.

ते वैर लागलेच पाहिजे असे मात्र नाही. ग्लासगोत २००६ च्या सुमारास आलेल्या नव्या पगाररचनेत काही जादा मोबदला आठवड्याला ३७ तास भरणाऱ्यांनाच मिळेल अशी अट होती. तुकड्या-तुकड्यांनी सकाळ-संध्याकाळ काम करणाऱ्या, अर्धवेळ असणाऱ्या स्त्रिया त्यातून आपोआप वगळल्या गेल्या. अटीत ‘स्त्री’ हा शब्द कुठेही नव्हता. २०१७ मध्ये कोर्ट ऑफ सेशनने, म्हणजे स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने, सांगितले की ही मूल्यमापनाची पद्धत कायद्याच्या कसोटीला उतरते हे कौन्सिलला सिद्ध करता आलेले नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये आठ हजारांहून अधिक स्त्रिया दोन दिवस संपावर गेल्या, आणि कचरा उचलणाऱ्या पुरुषांपैकी अनेकांनी कामाच्या दाराशी उभ्या असलेल्या या संपकरी स्त्रियांची रांग ओलांडून कामावर जायला नकार दिला. २०१९ मध्ये ५० कोटी पौंडांहून अधिक रकमेची तडजोड झाली. माझ्या मनात जे आहे ते या पुरुषांनी करून दाखवले, म्हणून आमच्या शाखेच्या बैठकीत मी रस्ता विभागातल्या लोकांशीही मुद्दाम बोलते. त्यांच्यातल्या दोन पदांची श्रेणीही या फेरीत उतरली आहे आणि त्यांची प्रश्नावली भरायलाही मीच बसले होते.

आणखी एक निकाल सांगते, कारण तो आमच्या अपिलाच्या मुळाशी आहे. नॉर्थ यॉर्कशरच्या कौन्सिलमध्ये शाळेत जेवण बनवणाऱ्या व वाढणाऱ्या स्त्रियांचे काम मूल्यमापनात पुरुषांच्या कामाच्या बरोबरीचे ठरले होते. पुढे खाजगी कंत्राटदारांशी निविदेत टिकण्यासाठी कौन्सिलने त्यांचा पगार कापला. १९९५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्‌सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तो कापणे बेकायदा ठरवले. बाजारात हे काम स्वस्तात मिळते, कारण ते स्त्रिया करतात. आणि तेच कारण पुढे करून आपणही कमी द्यावे, हे त्या न्यायाधीशांना पटले नाही. आमच्याकडेही चर्चेत ‘बाहेरच्या संस्था याच कामाला किती देतात’ हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येते, तेव्हा मी हा निकाल समोर ठेवते.

कौन्सिलची बाजू मला दिसत नाही असे समजू नका. मूल्यमापन करणारे सहकारी ओळखीचे आहेत, त्यांच्यापुढे शेकडो पदांचे कागद होते आणि वेळ अपुरा होता. निवडून आलेल्या सदस्यांना वाचनालय चालू ठेवायचे की सेविकांची श्रेणी वाढवायची, असे प्रश्न खरोखरच सोडवावे लागतात. परंतु पैसा कमी आहे हे सांगणे वेगळे आणि तुझे काम हलके आहे असे लिहून देणे वेगळे. पहिले मी ऐकून घेईन. दुसऱ्यावर सही करणार नाही, कारण ती सही माझ्यानंतर त्या खुर्चीवर येणाऱ्या बाईलाही बांधून ठेवील.

आईच्या मनातली दुसरी भीती, वरिष्ठ डूख धरतील ही. अपील हा नियमात दिलेला हक्क आहे. मंडळावर व्यवस्थापनाचे आणि युनियनचे असे दोन्हीकडचे लोक असतात, आणि माझ्या व्यवस्थापक बाईंनी स्वतः माझ्या प्रश्नावलीवर ‘वर्णन वास्तवाशी जुळते’ असा शेरा दिला आहे. गुण वाढतीलच याची खात्री नाही, ते कमीही होऊ शकतात, आणि हे जाणूनच मी अर्ज केला आहे.

पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. माझ्या निवेदनाचा मसुदा सोबत पाठवत आहे. बाबा, तुम्ही तो सवडीने वाचा आणि कुठे मी काम आहे त्यापेक्षा मोठे करून सांगितले आहे असे वाटले तर तिथे पेन्सिलने खूण करा. आई, माणसांच्या जबाबदारीचा जो भाग आहे, पान तिसरे, तो तू वाच; आजीचे शेवटचे दिवस तू एकटीने काढलेस, त्यामुळे त्यात काय राहून गेले आहे हे तुला लगेच कळेल. सुनावणीच्या आठवडाभर आधी मला अंतिम प्रत द्यायची आहे, तोपर्यंत तुमचे उत्तर आले तर बदल करता येतील.

तुमची लेक