आजोबांच्या फिरत्या कॅमेऱ्यासाठी मदत हवी आहे (आधी घरातले ड्रॉवर बघा, मग पैशाचं!)

मंडळी नमस्कार, आपल्या फोटोग्राफर आजोबांचा तो फिरणारा कॅमेरा घरच्यांनी आता आपल्या मंडळाकडे सोपवलाय. तुमच्याकडे शाळेचे, कारखान्याचे हातभर लांब ग्रुप फोटो असतील तर ते बहुतेक याच कॅमेऱ्यातले. याचं मॉडेल सर्कट नंबर 10, म्हणजे 10 इंच रुंद फिल्म लागणारा. विल्यम जॉन्स्टन यांचं याचं पेटंट 1904 चं, आणि नंतर अमेरिकेत रॉचेस्टरला ईस्टमन कोडॅक हे कॅमेरे बनवायची.

चावी भरून सोडला की अख्खा कॅमेरा ट्रायपॉडवर गोल फिरतो आणि आत फिल्म एका बारीक उभ्या फटीमागून सरकत राहते, या दोन्हींचा वेग जुळला तरच चेहरे शार्प येतात नाहीतर सगळं फिसकटतं, आणि मोटर जराशी अडखळली तरी प्रिंटवर उभे पट्टे उमटतात. हा वेग जुळवायला छोटे सुटे गिअर असतात, लेन्स किंवा अंतर बदललं की गिअरही बदलायचा. इथेच घोडं अडलंय. पेटीतले गिअरचे बरेच खाचे रिकामे आहेत.

म्हणून पहिली विनंती ही की, आजोबांकडे कधी काम केलेल्यांनी किंवा त्यांचं जुनं सामान घरी आणलेल्यांनी ड्रॉवर, डबे प्लीज एकदा उपसून बघा. नाण्याएवढं दातेरी चाक सापडलं तर भंगारात टाकू नका, पॉलिशही करू नका, दात झिजले तर त्याचा उपयोग संपला. लेन्स विकून पैसे उभे करा असंही सुचवलं गेलं पण आम्हाला ते अजिबात पटलं नाही, लेन्स-गिअरचा सेट फुटला की कॅमेरा नुसता शोपीस होतो.

पैसे लागणार आहेत ते भात्यासाठी (घड्यांवर चामडं चिरलंय, उजेड आत जातो), जुन्या स्प्रिंग मोटरच्या जाणकाराकडून सफाईसाठी, आणि सगळ्यात जास्त निगेटिव्ह स्कॅन करायला. या निगेटिव्ह एवढ्या लांब असतात की एन्लार्जरमध्ये (फोटो मोठा करायच्या यंत्रात) बसतच नाहीत, आजोबा थेट काँटॅक्ट प्रिंट काढायचे, म्हणजे निगेटिव्ह कागदाला चिकटवून ठेवून तेवढ्याच मापाचा फोटो, त्यामुळे स्कॅनही तुकड्यातुकड्याने करून जोडावं लागणार. जमेल तेवढं द्या, पावती मिळेल आणि हिशोब नोटीस बोर्डवर लागेल.

एक महत्त्वाचं. कुणाकडे जुन्या निगेटिव्ह असतील आणि त्या पिवळट, चिकट झाल्या असतील तर त्या नायट्रेट फिल्मच्या असू शकतात, ती फार पटकन पेट घेते. घट्ट डब्यात कोंबू नका, गॅस, दिवा, उन्हापासून लांब ठेवा आणि आम्हाला कळवा, स्वतः घेऊन येऊ नका. गुंडाळलेले प्रिंट मात्र आहेत तसे आणा, जोर लावून उलगडले की तडे जातात, आधी त्यांना हळूहळू ओलावा द्यावा लागतो.

आणि फोटोतली नावं! डावीकडून उजवीकडे जेवढी आठवतात तेवढी लिहून द्या, ज्येष्ठांना विचारून घ्या. लोकांना अर्धगोलात उभं करायचे म्हणून फोटोत रांग सरळ दिसते, आणि कॅमेरा फिरता फिरता एखादा पोरगा मागून पळत दुसऱ्या टोकाला गेला तर तो दोनदा यायचा, असा फोटो कुणाकडे असेल तर तो आधी दाखवा. कमिटीतल्या कुणालाही भेटा, घरी येऊन बघायलाही आम्ही तयार आहोत.